अतिरिक्त कार्यभार

कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला असते.
असं कुठल्याच ठरावात लिहिलेलं नाही.

आत दोन शिक्के.
गोल सरपंचाचा, लांबट ग्रामसेवकाचा.
गोल आला मतांतून, गुलालात माखून.
लांबट आला त्र्यंबक रोडच्या झेडपीतून, बदलीच्या कागदाला चिकटून.
शाईची डबी दोघांना एकच.
ती वाळली की पाणी मी घालतो.

मंजुळाबाई बोडके अकरा मतांनी निवडून आल्या
तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या,
"केरू, सही कुठं करायची रे?"
पाच वर्षांत सगळं शिकल्या.
आयोगाच्या पैशात गटार बसते का नाही,
कुठल्या आळीचा कशावरून रुसवा,
भाबड साहेबांना कागदावर 'नाही' कसं लिहून द्यायचं.
अन् तेव्हाच मुदत संपली.

भाबड साहेबांची मुदत संपत नाही,
त्यांची बदली होते.
माणूस वाईट नाही. मंगळवारी येतो,
बाकीचे वार बाकीच्या गावांचे.
त्यांना कोणी मत दिलेलं नाही
म्हणून कोणी तोंडावर शिवीही देत नाही.
बाईंना मात्र दळणाच्या रांगेत, हळदीत, दहाव्यालासुद्धा धरायचे लोक,
"आम्हीच बसवलं तुला, आता ऐक."
अन् त्या ऐकायच्या,
भाकरीचं पीठ हाताला तसंच.

निवडणूक लांबली.
मग प्रशासक आले, देवरे साहेब, सात गावांचे.
तेच सरपंच, तेच सदस्य.
इतिवृत्तात सूचक तेच,
अनुमोदकाची जागा मी कोरी सोडली.
खरं सांगतो, कामं झाली.
कुठल्या आळीत आधी, यावरून तीन वर्षं अडलेले दिवे
एका महिन्यात लागले,
कोणाला विचारायचंच नव्हतं ना.
चौकातला दिवा नकाशातल्या चौकात लागला.
चौक तिथून सरकून बारा वर्षं झालीत.
रात्रभर बाभळीला उजेड.

संध्याकाळी दुधाच्या डेअरीपुढं वाद.
उगले पोलीस पाटील म्हणतो, परीक्षा घ्या,
मतं काय, मटणावर पडतात.
ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले नाना कांगणे म्हणतात,
ग्रामसेवक निवडा, तलाठी निवडा,
तहसीलदारसुद्धा उभा करा एकदा मारुतीपुढं मत मागायला.
कोणी म्हणालं, एकातच दोन्ही करा,
अर्धा मतांतून, अर्धा परीक्षेतून.
झुंबरबाई कॅन उचलता उचलता म्हणाली,
"मंग सही कोणत्या अर्ध्यानं करील त्यो?"
हसले सगळे.
उत्तर कोणी दिलं नाही.

त्याच रात्री साडेनऊला कडी वाजली.
लहानू सानपची सून.
पोरीला नाशिकच्या वसतिगृहात घालायची,
सकाळी दहाला यादी बंद,
रहिवासी दाखला पाहिजे.
भाबड साहेबांचा फोन बंद.
देवरे साहेब कुठल्या गावात, त्यांनाही माहीत नसेल.
"केरूभाऊ, शिक्के तुमच्याकडंच हायेत की.
मारा ना. कोणाला कळतंय?"

कपाट उघडलं मी.
गोल शिक्का हातात घेतला. लाकडी मूठ
माझ्याच हातानं गुळगुळीत झालेली.
सव्वीस वर्षं मानधनावर.
मला कोणी निवडलं नाही,
कोणी नेमलंही नाही,
आधीचा शिपाई वारला तेव्हा मी झाडत होतो, इतकंच.
हात शाईपर्यंत गेला
अन् तिथंच थांबला.

मग मंजुळाबाईंचं दार वाजवलं.
त्या आता कोणीच नव्हत्या.
डोक्यावर पदर घेत फोन लावला त्यांनी,
एका साहेबाच्या बायकोकडून दुसऱ्याच्या मेव्हण्याकडे,
असं करत करत देवरे साहेब सापडले.
काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.
सकाळी सव्वासातला साहेबांची गाडी दारात.
सही त्यांची, शिक्का गोल.
सून एसटीकडं पळाली.

बाई पायरीवर उभ्या राहून चहा प्यायल्या.
आत या म्हटलं, तर म्हणाल्या,
"आता मी कोण रे आत यायला?"

साहेब पुढच्या गावाला निघून गेले.
मी फडकं घेऊन खुर्ची पुसली.
कोणासाठी, ते अजून ठरायचं होतं.