येणे बाकी

बादियारा स्टेशनचा इतिहास
डकारच्या कचेरीत नाही, बामाकोच्याही नाही.
तो आमच्या चुलीमागच्या भिंतीवर आहे,
कोळशाने ओढलेला.
उभी रेघ म्हणजे आंब्याची टोपली,
आडवी म्हणजे भाजलेली मासळी,
टिंब म्हणजे मापटंभर शेंगदाणे.
डावी बाजू आजीची, उजवी आईची.
माझ्या आईला, कुंबा सिसोकोला, अक्षर येत नव्हतं.
हिशेब येत होता.

पणजोबांची रेघ मात्र नाही.
त्यांना गोऱ्या साहेबाने दोरीला बांधून आणलं
खडी फोडायला, लाल मातीत रूळ टाकायला.
घरी त्यांनी एक खिळा आणला, वीतभर,
अजून चुलीतली लाकडं त्यानेच सरकवतो.
‘ह्यांचं येणं कुणाच्या नावावर मांडू?’
आई विचारायची, आणि कोळसा खाली ठेवायची.

डाव्या बाजूला एक कोरी जागा आहे, हातभर रुंद.
तो संप.
इंजिनं थंडगार, शिट्टीवर पाखरांनी घरटं केलेलं.
कायेसहून संपवाल्यांच्या बायका चालत आल्या,
आजीने त्यांना बाजरी मोजली नाही, नुसती ओतली.
असलं काही भिंतीवर मांडायचं नसतं, म्हणाली.

मग एका रात्रीत दोन देश झाले.
रूळ तेच, झेंडे दोन,
आणि फालेमेच्या पुलाशी गाडी तुटली.
मावशी सिरा आठवड्यासाठी तांबाकुंडाला गेली होती.
पूल उघडला तेव्हा परतली:
कडेवर मूल, मागे नवरा,
आणि आठवडा केवढा लांबला म्हणून हसत सुटली.

त्यानंतरचे दिवस माझे.
बुधवारची एक्स्प्रेस गुरुवारी यायची
आणि आम्ही त्या गुरुवारालाच बुधवार म्हणायचो.
आधी रुळाला कान लावणारी पोरं ओरडायची,
मग धूळ, मग खिडक्या.
खिडक्यांतून मिठाच्या गोण्या, रेडिओ, एकदा एक जिवंत मेंढा,
एकदा नवरीची पेटी उतरली, नवरी पुढच्या स्टेशनवर.
जेवणाच्या डब्यातून मापाते गेयचा दंड बाहेर,
कोपरापर्यंत पीठ:
‘टोपली वर दे कुंबा, पैसे येत्या फेरीला!’
गाडी हलायची.
आई टोपली द्यायची.
घरी येऊन रेघ ओढायची.

मग कुणीतरी रूळ विकत घेतले.
कंपनीला सिमेंट परवडायचं, माणसं परवडत नव्हती.
गाडी आधी थांबेना, मग नुसती हळू व्हायची,
मग तेही नाही.
त्या वर्षी आम्ही इतके आंबे खाल्ले
की पोरांचे ओठ उतले.
अर्धं गाव डांबरी सडकेकडे सरकलं.
कंपनीचा एक तरुण आला, नुकसानीची यादी करायला.
आईने त्याला भिंत दाखवली.
तो म्हणाला, कागद हवा.
आई म्हणाली, मग भिंत घेऊन जा.

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारा आला,
बस, मग जीप, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून,
थिएसपासून तीन दिवस.
आईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.
‘उशीर केलास, मापाते.’
‘गाडी लेट होती,’ तो म्हणाला.

त्याने दहा हजारांची नोट काढली.
आईने ती परत त्याच्या मुठीत कोंबली.
तेव्हाचा भाव पाचशे होता, पाचशेच दे.
सुटे नव्हते.
मी शेजारच्या फातूमाताकडे पळालो,
आणि येईपर्यंत ती दोघं काहीच न बोलता
आंबे चोखत बसली होती,
कोयी रुळांकडे फेकत.

पैसे पदराला बांधून आई उठली,
अंगठा ओला केला,
नेमकी कुठली रेघ, हे तिला शोधावं लागलं नाही.
पुसली.
मग बोटाने मोजत गेली, मोठ्याने,
म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल असं.
सोळा.