दिनविशेष : १४ एप्रिल

चार ओळी मिळतात मला, पान दोन, डावा कोपरा.
आजच्या तारखेला गर्दी फार.
महूचा जन्म पहिला, तो हलत नाही.
मग हिमनगाला धडकलेलं जहाज.
उरल्या जागेत :
१९४४, मुंबई गोदीत स्फोट.

धाकू मांजरेकर मावत नाही.
कापसाच्या गासड्या उतरवायला गेलेला,
शेजारून एक चवली उसनी घेऊन.
चार वाजून सहा मिनिटांनी
कुणाकुणाच्या छपरातून सोन्याच्या विटा पडल्या म्हणतात;
आनशीच्या दारात पडला
जळत्या कापसाचा पुंजका.
तो तिनं पायानं विझवला
आणि दोघांपुरतं आधण ठेवलं.

चवली तिनं पुढल्याच आठवड्यात फेडली.

तारीख तिला ठाऊक नव्हती.
चैत्र वद्य षष्ठी, एवढंच.
तिथी दरसाल सरकते,
म्हणून आमच्या घरचं पान
आणि पेपरातली ओळ
सहसा एका दिवशी येत नाहीत.

यंदा आलीत.
दुपारी आजोबांचं पान ठेवून आलोय,
बोटांना अजून भाताचा वास.
मुद्रितशोधक केबिनच्या दारातून विचारतो,
शेवटच्या ओळीत दोन शब्द जास्त आहेत,
काढू ना?