दिन बिट्टु दिन

बँकेतले हुक्केरी साहेब बदली होऊन बिदरला गेले
तेव्हा ट्रकमध्ये जागा उरली नव्हती.
तेलाच्या डब्यातली जास्वंद
माझ्या पायरीवर ठेवून गेले,
डब्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
धाकट्या सौजन्याच्या अक्षरात, कन्नडमध्ये.

मी निपाणीच्या वखारीत तीस वर्षं काटा धरलेला माणूस.
शाळा मराठी. कन्नड येतं
ते बसच्या पाट्या वाचण्यापुरतं.
चिठ्ठीतलं 'दिन' कळलं, 'नीरु' कळलं.
मधला शब्द ओलांडून गेलो,
आपली गाडी जिथं थांबत नाही
अशा गावाच्या पाटीसारखा.

रोज पाणी घातलं. सकाळी तांब्याभर,
ऊन वाटलं तर संध्याकाळी आणखी अर्धा.
पौषात पानं पिवळी पडली.
मला वाटलं, तहान. वाढवलं.
कळ्या मुगाएवढ्या व्हायच्या अन् गळायच्या,
पायरीवर पडलेल्या मी झाडूनं नव्हे,
हातानं उचलायचो.
देठांच्या बगलेत पांढरा कापूस बसला,
आणि मुंगळे त्या कापसाची राखण करत
वर-खाली, वर-खाली,
जणू वखारीतले हमालच.

शेजारची नीलव्वा विड्या वळते.
सूप मांडीवर, कात्री बोटात,
न बघता पान कापते.
तिनं डबा हलवला, वास घेतला,
आणि चिठ्ठी वाचून इतकी हसली
की सुपातला जर्दा सांडला.
"दिन बिट्टु दिन, ओ मामा!
एक दिवस सोडून म्हणालीय पोरगी.
तुम्ही तर झाडाला विहिरीत उभं केलंय."

हसली, पण उठली.
डबा आडवा केला. बुडाला भोकच नव्हतं.
काळी माती लोण्यासारखी निघाली,
मुळं काळी, बोटात धरली की साल निसटायची
आणि आत दोरा उरायचा.
सडलं ते कापलं. कापताना मी तोंड फिरवलं.
वेदगंगेची वाळू, पालापाचोळा, थोडा मुरूम,
खिळा तापवून बुडाला सात भोकं.
फांद्या ढोपराच्या उंचीवर आणल्या.
झाड आता झाड दिसेना,
कुणी विसरलेल्या चार काठ्या.

नखानं साल खरवडली.
पहिली काठी तपकिरी.
दुसरी तपकिरी.
तिसरीत, मनगटावरच्या शिरेएवढं,
हिरवं.

कापसासाठी तिनंच उपाय दिला:
सुपातला चुरा रात्रभर पाण्यात,
सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळलेला,
त्यात साबणाचा चुरा.
तोंडाला फडकं बांधून ये, म्हणाली,
विष आहे ते.
तीस वर्षं ज्या वासानं माझा सदरा
बायकोनं वेगळा धुतला,
तोच वास चमच्या-चमच्यानं
मी काठ्यांच्या बगलेत घालत होतो.
नीलव्वा लांबून बघायची अन् खोकायची.
तिच्या छातीतही तोच चुरा आहे.
त्याला गाळायचं फडकं कुठलं,
हे मी विचारलं नाही.

मग काही करायचं नव्हतं. ते जास्त अवघड.
सवयीनं तांब्या भरायचा,
डब्यापर्यंत जायचं, बोट मातीत खुपसायचं,
ओल लागली की तांब्या घेऊन परतायचं.
आडल्या दिवशी हाताला काम नसायचं.
कॅलेंडरवर मी रेघा ओढल्या:
पाणी. नाही. पाणी. नाही.
दोन काठ्या वाळल्या. त्या मी उपटल्या नाहीत,
वेल चढेल एखादा, असं कुणी विचारलं तर सांगायचो.

शिमग्याच्या आधी बिदरहून फोन.
सौजन्या विचारत होती, कन्नडमध्येच,
हूव बंतेनु, फूल आलं का.
मी डब्याकडे बघितलं.
तिसऱ्या काठीच्या काखेतून
उंदराच्या कानाएवढं काहीतरी, तांबूस, घडी न मोडलेलं,
बाजूला दुसरं, आणि चष्मा पुसला तर
तिसरंही.

फूल नाही, हे म्हणायला शब्द होता.
मी तो वापरला नाही.
मूर एली, म्हणालो.
तीन पानं.
पलीकडे ती थोडी थांबली,
मग कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं:
अव्वा, मूर एली!
आणि आज नाहीचा दिवस होता,
म्हणून मी रिकामा तांब्या
पालथा घालून ठेवला.