आत्तीचा हात

आत्तीचं एकच मागणं होतं:
मोतीबिंदू पुरता पिकायच्या आत
बागेतला आपला हात बघायचा.

म्हणून शनिवारी, बाजार उरकून,
पिशवीत कोथिंबीर, शेंगा आणि पावशेर कुंदा घेऊन
फाटकातून आत शिरलो.
आधी विलायती शिरीष, गोऱ्यांच्या वेळचा.
मग तोफ, तिच्या तोंडात चहाचे कागदी कप कोंबलेले.
मग लढाईत गेलेल्यांचा खांब.
नावं मी मोठ्यानं वाचायला लागलो
तर म्हणाली, "पुरे रे.
सगळे कुणाचे तरी भरमा न् परशराम."

सोळाव्या वर्षी ती इथं घमेली वाहायची.
मूर्तिकार विडी विझवून म्हणाला,
पोरी, हात जरा असाच धर.
दुपारभर धरला.
मुकादमानं त्या दिवशीची हजेरी अर्धीच लावली.

पाणी पाजणारी दगडी बाई अजून उभी आहे.
चौथऱ्याला पाटी नाही.
आधी मराठी होती म्हणे, मग कानडी,
मग एका रात्रीत कुठलीच नाही.
खिळ्यांची चार भोकं उरलीत,
त्यांत मुंग्यांनी संसार थाटलाय.

आत्ती पार जवळ गेली,
वास घेतल्यासारखी बघत राहिली.
"ह्यो माझा न्हवं."
मनगटापुढं सगळं सिमेंट होतं,
बोटं एका मापाची,
तराजूत टाकलेल्या गाजरांसारखी.

झाडणारी इरव्वा खराटा टेकवून म्हणाली,
"हळे कै ऐतरी, शेडन्याग."
आत्तीचं कानडी बाजारापुरतं,
पण हे तिला माझ्याआधी कळलं.

शेडमध्ये पाइपाची वेटोळी, चुन्याचा डबा,
बिनचाकाची हातगाडी,
आणि गोणपाटावर तो.
करंगळी गेलेली.
मनगटावर दगडाच्या दोन बांगड्या.
"चार होत्या माझ्या. दोनच कोरल्या मेल्यानं."

मांडीवर घेतला. पदरानं पुसला,
नुकतं जावळ काढलेल्या पोराचं डोकं पुसावं तसा.
"जड हाय की."

घरी नेऊया का, मी विचारलं.
इरव्वानं तोंड फिरवून घेतलं,
म्हणजे न्या.
"नको," आत्ती म्हणाली,
"घरात काम सांगतील त्याला."

उताणा ठेवला परत.
कुंद्याचा पुडा इरव्वाला दिला,
सगळा.

बसमध्ये गर्दी. कंडक्टरनं विचारलं, एल्लिगे?
मी पाकीट चाचपत होतो.
आत्तीनं हात वर केला,
दोन बोटं:
"हलगा."
आणि तो तसाच
वर राहिला थोडा वेळ.