खांद्यापाशी

घणसोली गावात, तळ्याच्या अंगाला माझं दुकान:
फ्लेक्स, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत.
काव्या मढवी आली, मोबाईलमध्ये दोन फोटो घेऊन.
"हळदीचा बॅनर. बापूस आणि काका, शेजारीशेजारी.
खरे काय ते उभे राहणार नाहीत."

कारण गावाला ठाऊक आहे. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट,
सेक्टर बदलला, मोजणी बदलली,
मधल्या भिंतीला आता दोन रंग आहेत.

बापूस खाडीच्या बांधावर, उन्हात, उजवा गाल उजळ.
काका बँकेतल्या ट्यूबखाली, निळसर, थोडा आजारी.
आधी रंग जुळवले. काकाला जरा ऊन दिलं,
बापसाचं जरा काढून घेतलं.
मग मास्क. त्यात काळं फासलं की माणूस लपतो,
पांढरं फिरवलं की परत येतो,
पुसलं जात काहीच नाही.
मऊ ब्रश, वीस टक्के, हलक्या हातानं,
केसांपाशी श्वास धरून.

अडलं खांद्याशी.
दोन माणसं नुसती शेजारी ठेवली
तर बसथांब्यावरची वाटतात.
भाऊ दिसायचे तर एकाचा खांदा
इंचभर दुसऱ्याच्या मागे जायला हवा.
कोणाचा?
इंचावरूनच तर सगळं.
काव्याला फोन केला. म्हणाली, "तूच ठरव,
आणि मला विचारलंस हे कुणाला सांगू नकोस."

रात्री साडेअकराला काकाला मागे घेतलं.
चहा पिऊन आलो, बापसाला घेतलं.
शेवटी काय ठेवलं ते सांगत नाही.
मोठं करून पाहिलं तेव्हा दिसलं, दोघांची मान
डावीकडे तेवढीच कलते.
ते मी केलेलं नाही.

हळद झाली, बॅनर उतरला,
आता कोणाच्या तरी टेम्पोवर ताडपत्री आहे.
आठवड्यानं काका आला, चपला न काढता.
"त्यातला माझा एकट्याचा काढून दे."
म्हटलं, लेयर एक केलेत, आता सुटत नाहीत,
कापलं तर खांदा अर्धाच येईल.
फाईल डेस्कटॉपवरच होती, सगळे लेयर सुटे.

तो बराच वेळ पंख्याखाली बसला.
"कोणाचा अर्धा?"
मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिलो.
मग म्हणाला, "बरं, पासपोर्टचे आठ काढ."

स्टुलावर बसवला, दिवे लावले.
मान सरळ करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.
या खेपेस नुसतं बटण दाबलं.