बिल नंबर एक

शटर आधी अर्धंच उचल, त्रिशला.
एका दमात वर ढकललंस की उजवीकडं अडकतं,
मग दोन माणसं लागतात.
वीस वर्षं म्हणतोय, तेल घालीन.
दुसऱ्याच्या मशीनचं दुखणं रस्त्यावरून ओळखणारा मी,
माझ्याच शटरला वेळ मिळाला नाही.

उद्यमनगरची ही गल्ली सकाळी आठला
कूलंटच्या वासानं जागी होते.
कुणाचं तरी तुटलेलं काहीतरी
सायकलच्या कॅरिअरला बांधून येतं.
तुटलेलं घेऊन येणारा भाव करत नाही,
त्याला वेळ हवी असते. वेळ सांग, खरी सांग.
'संध्याकाळी देते' म्हणालीस आणि उद्या दुपारी दिलंस,
तर मायक्रोनला बरोबर असलेलं कामसुद्धा चुकलं.

तुझ्याकडं डिप्लोमा आहे,
माझ्याकडं साडेनऊ बोटं.
उरलेलं अर्धं कुठं गेलं
ते घाईला विचार.

भाडं, हप्ता, लाइट बिल, पोऱ्याचा पगार,
हे आकडे खडूनं भिंतीवर लिही,
चहाचे कप ठेवतेस त्याच्या वर, रोज दिसतील असे.
आणि तुझा पगारही लिही त्यात.
मी लिहिला नाही कधी.
लागेल तसे गल्ल्यातून घ्यायचो
आणि मार्चला विचारायचो, कमाई गेली कुठं?
धंद्यानं मला खाल्लं की मी धंद्याला,
अजून हिशेब लागलेला नाही.

पावसाळ्यात शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढतं.
माल इकडं, पैसे पलीकडं,
ट्रकवाला मध्ये स्टोव्हवर भात शिजवत बसलेला.
बँकेच्या हप्त्याला पुराची बातमी कळत नाही.
म्हणून मे महिन्यातच महिन्याभराचा खर्च बाजूला टाक,
अशा बँकेत, जिथं जायचा तुला कंटाळा येईल.

एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही.
माझं शंभरातलं ऐंशी काम एकाच कंपनीचं होतं.
चार लेथ, सात माणसं,
डबा उघडायला जागा नसायची एवढा माल.
नवं गिऱ्हाईक दारात आलं तर
'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचो, तेही बसल्या जागेवरून.
मग एका मंगळवारी तिथला साहेब बदलला.
नवा माणूस वाईट नव्हता हं.
त्यानं फक्त आणखी दोघांना दर विचारले.
तीन लेथ विकल्या.
ही चौथी, हिला कुणी घेतलं नाही,
म्हणून तुला भाड्यानं मिळाली.

एवढं बोलेपर्यंत तू बुश काढून आणलास,
माझ्या जुन्या ग्राइंडरचा.
हातानंच बसला. ना ढिला, ना घट्ट,
नुसता अंगठा टेकवला आणि गेला आत.
मी काही बोललो नाही.
मग विचारलं, किती झाले?

'राहू दे की चाचा, तुमच्याकडनं काय घ्यायचं.'

सकाळपासूनचं सगळं पाण्यात!
अगं, अनोळखी माणसाला तू फुकट देतेस का?
नाही ना? मग धंदा बुडवतं कोण?
ओळखीचेच की. तुझे मामा, माझ्यासारखे चाचे,
'बघू की पुढच्या वेळी' म्हणणारे शाळेतले मित्र.
बिलबुक काढ. कार्बन उलटा नको लावूस.
नंबर एक. दस्तगीर शिकलगार.
बुश, नग एक. एकशे ऐंशी.

लिहून झाल्यावर मी म्हटलं, दीडशे कर.
सवय आहे, जात नाही.
तू मान वर केली नाहीस.
'कट मिसळीत मागा, चाचा.'

शंभराची एक, बाकी सुट्टे, मोजून ठेवले टेबलावर.
तू पुन्हा मोजलेस, माझ्यादेखत.
मला राग यायला हवा होता.

बिलाची घडी खिशात घालून
मी वाकून शटरखालून बाहेर पडलो.
चहाच्या टपरीपर्यंत पोचलो असेन,
मागून आवाज आला,
'चाचा, तेलाची बाटली कुठंय?'