माठाचं बी

भात कापून झालं, खळं सारवून झालं.
आता परसात उतरायला हरकत नाही,
असं खैरुन म्हणाली गडग्यापलीकडून
आणि एक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली.
"लाल माठ. गेल्या सालचा आहे.
रुजतो की नाही अल्ला ठाऊक. पेर तर खरा."

माठाचं बी काळं, चकचकीत,
मुंगीच्या डोळ्याएवढं.
नुसतं टाकलं तर एका जागी ढीग पडतो,
म्हणून त्यात वाळू मिसळायची.
समुद्राची नव्हे, व्हाळातली, गोडी.
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं,
तेही फोनवर.
बायको पनवेलला आहे, सुनेच्या बाळंतपणाला.
आधी नातीचं रडणं ऐकवते,
मग विचारते, कोंबड्या वाफ्यात शिरल्या नाहीत ना?

एकतीस वर्षं मी बर्फ केला
देवगड बंदरातल्या कारखान्यात.
मिठाच्या पाण्यात डबे रात्रभर उभे असायचे.
लादी डब्यातून सुटताना हुंकार द्यायची,
झोपेत कूस वळवणाऱ्या माणसासारखी.
बांगडे तिच्यावर निजून घाट चढायचे.
गावाला थंडी म्हणजे
कार्तिक सरताना दहा-बारा पहाटा.
मी वैशाखात स्वेटर घालायचो,
आणि बाहेर आलो की चष्म्यावर धुकं.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं
तिथंच राहिली.
आहेत तशी जागेवर, नखं वाढतात, कापतो.
फक्त त्यांना काही कळत नाही.
बी चिमटीत आहे की सांडलं,
हे मला बघून ठरवावं लागतं.

वाफा केला. कातळावर माती ती किती असणार,
वीतभर खाली पहार खणखणते.
शेणखत घातलं, सुकटीचा चुरा घातला
(मासा शेवटी माझ्याकडेच आला, बर्फाशिवाय).
मुंग्या बी पळवतात म्हणून कडेने राख.
पाण्याला कारखान्यातला डबा,
निवृत्तीच्या दिवशी मुकादमाने दिलेला,
तळाशी गळका.
"शाल-नारळ सगळेच देतात," म्हणाला होता.
तो डबा मी वाफ्याच्या उशाला टेकवला आहे.
थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग थेंब.
इतक्या सावकाशीने मी नोकरीत काही केलं असतं
तर पगार कापला असता.

पाचव्या दिवशी रुजलं.
बायकोच्या वाफ्यात रेघा यायच्या, वहीतल्यासारख्या.
माझ्या वाफ्यात इकडे टक्कल, तिकडे जावळ.
जिथं बोटांना कळलं नाही
तिथं झुबकेच्या झुबके, तांबडे,
एकमेकांच्या खांद्यावर चढलेले.
मी ओशाळून उभा.
खैरुन गडग्यावर कोपर टेकून हसली, पदर तोंडाला लावून.
"दाटीतलं उपटायचंच असतं, भाऊ.
तीच पहिली भाजी. कोवळी. लसूण जास्त घाल."

आज चुलीवर तीच आहे.
पातेल्यातलं पाणी गुलाबी झालंय.
उरलेल्यांना आता जागा झाली,
दोन-दोन बोटं.

पहाटे दाजी कोयंडे रस्त्यावरून हाक मारतो.
चाळीस कलमं त्याची, थंडी पडली तर मोहोर,
नाहीतर बँकेचा माणूस.
रोज हवामान सांगणाऱ्या बाईला शिव्या देऊन
माझ्याकडे येतो.
"तू थंडीतला माणूस. खरं सांग,
पडली का आज?"
मी डब्यातल्या पाण्यात हात घालतो.
दव पडलंय, सुपारीच्या झावळीवरून टपटपतंय,
समुद्राचा आवाज रोजच्यापेक्षा जवळून येतोय.
दाजी कानटोपी काढून वाट बघतो.

थांब जरा, म्हणतो मी,
दुसरा हात घालून बघतो.